पडीक कोणाला म्हणावें?

शाळांतून परिसराचा विषय शिकविला जाऊं लागल्यापासून घरोघरच्या मुलांच्या तोंडीं 'परिसंस्था' हा एक नवा शब्द आला आहे. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरणाचें शिक्षण आवश्यक करण्याविषयीं आदेश दिला, आणि पुढें या विषयानें अभ्यासक्रमांत आपली जागा पक्की केली. मुलें शब्द पाठ करितात, व्याख्या लिहितात, गुणही मिळवितात, परंतु आजोबांनीं "म्हणजे काय रे?" असें विचारलें, कीं पुस्तकांतलें वाक्यच पुनः म्हणून दाखवितात. त्यानें ना आजोबांचें समाधान होतें, ना नातवाचें. वस्तुतः हा विषय दाराबाहेर पाहिल्यानें अधिक लवकर समजतो. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य भिवंडींत मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां उदाहरणेंही भिवंडीच्या भोंवतालचींच घेतों. तीं घेतांना एक प्रश्न वाचकांपुढें ठेवितों. ज्या जमिनींत पीक नाहीं, जिच्यावर घर नाहीं, जिचें भाडें येत नाहीं, तिला आपण सहज 'पडीक' म्हणतों. ती खरोखरच नुसती पडून असते काय?

प्रथम शब्द पाहूं. १८६६ सालीं एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें घर या अर्थाच्या 'ओइकोस' या ग्रीक शब्दावरून 'इकॉलॉजी' असें या शास्त्राचें नांव बनविलें. 'इकॉनॉमी' या शब्दाचें मूळही तेंच. एक शास्त्र घराचा जमाखर्च पाहतें, तर दुसरें घरांत राहणाऱ्यांचे परस्परसंबंध पाहतें. मात्र या दुसऱ्या घरांत माणसाबरोबर गवत, वाळवी, साप, घार, माती आणि ऊनही मोजावें लागतें. पुढें १९३५ सालीं आर्थर टॅन्स्ली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें 'इकोसिस्टिम' हा शब्द प्रचारांत आणिला. त्याचें प्रतिपादन असें कीं, सजीवांचा विचार भोंवतालच्या माती, पाणी, हवा व प्रकाश यांपासून तोडून करतां येत नाहीं. दोहोंचें मिळून एकच तंत्र होतें. त्यालाच मराठींत परिसंस्था म्हणतात. 'सम्' उपसर्ग लागलेल्या 'स्था' धातूपासून 'संस्था' शब्द झाला आहे. एकत्र राहणें, एकत्र टिकणें, हा त्याचा भाव. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस तो याहून फोडून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

या घरांत तीन प्रकारचीं मंडळी असतात. पहिले उत्पादक, म्हणजे हिरव्या वनस्पति. ऊन, हवा आणि पाणी यांपासून अन्न तयार करण्याची विद्या मुख्यतः त्यांनाच अवगत आहे. दुसरे भक्षक, यांत गवत खाणारा नाकतोडा आला आणि नाकतोड्याला खाणारा बेडूकही आला. तिसरे विघटक, म्हणजे बुरशी, जिवाणु इत्यादि सूक्ष्म मंडळी. मेलेल्या सर्व वस्तूंची पुनः माती करणें हें त्यांचें काम. एवढी ओळख ठेवून आतां भिवंडीच्या बाहेर पडूं.

डोंगरावरचें रान

वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे आणि पुढें तानसाच्या बाजूस गेलें, कीं साग, ऐन, मोह, पळस, खैर या झाडांचें रान लागतें. येथें वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो, आणि पुढचे आठ महिने कोरडे असतात. पानांतून पाण्याची सतत वाफ होत असते. तेव्हां उन्हाळ्याच्या तोंडावर पानेंच टाकून देणें हा या झाडांनीं काढलेला काटकसरीचा उपाय आहे. म्हणून या वनाला पानझडी वन म्हणतात. फाल्गुनांत हें रान पाहणारा मनुष्य म्हणतो, 'सगळें वाळून गेलें.' परंतु जमिनीवर तेव्हांच मोठ्या कामाची तयारी चाललेली असते. पडलेल्या पानांना वाळवी लागते. पाऊस पडला कीं बुरशी आणि जिवाणु त्यांत शिरतात. गांडुळें तो चुरा खालीं नेतात. त्यांतून सुटलेलीं नत्र, स्फुरद, पालाश इत्यादि द्रव्यें मुळांवाटे पुनः पानांत चढतात. एका वर्षाचें पान पुढल्या वर्षाच्या पानाचें अन्न होतें.

या रानांतच १८९२ सालीं पूर्ण झालेलें तानसाचें धरण आहे. मुंबईची तहान भागविणाऱ्या जलाशयांपैकीं हा एक. भोंवतालचें रान पावसाचें पाणी जिरवितें आणि माती वाहून तलावांत जाऊं देत नाहीं, हें त्या पाण्याच्या देयकांत कोठें लिहिलेलें नसतें. १९७० सालीं येथें अभयारण्य झालें. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षें शास्त्रज्ञांस न आढळलेला रानपिंगळा १९९७ सालीं खानदेशांत शहाद्याजवळ पुनः सांपडला, आणि २०१४ सालीं तो या तानसाच्या रानांतही दिसला. एवढ्याशा घुबडाला राहण्यास जुन्या झाडांच्या ढोली लागतात. त्या आपल्या जवळच्या रानांत अजून शिल्लक आहेत, असा त्याचा अर्थ.

मेलेल्याची विल्हेवाट लावणारे नाहींसे झाले तर काय होतें, तें आपल्या डोळ्यांदेखत घडलें आहे. १९९० नंतरच्या दशकांत भारतांतील गिधाडें झपाट्यानें मरूं लागलीं. कांहीं जातींतलीं शंभरांतलीं नव्वदांहून अधिक गेलीं. गुरांना दिलेलें डायक्लोफेनॅक नांवाचें वेदनाशामक औषध त्यांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जातें आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी करितें, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. २००६ सालीं भारतानें गुरांसाठीं त्या औषधावर बंदी घातली. तरी गिधाडांची संख्या अद्याप पूर्ववत् झालेली नाहीं. दरम्यान मेलेलीं ढोरें उघड्यावर कुजूं लागलीं आणि मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली. ज्या पक्ष्याला अमंगळ समजून आपण तोंड फिरवीत होतों, तो गांवाच्या आरोग्याचें काम विनावेतन करीत होता.

भाताचें शेत

डोंगर उतरून खालीं आलें, कीं भातशेती. हें माणसानें केलेलें घर. परंतु नियम तेच. ठाणें जिल्ह्यांतील शेतकरी पूर्वापार रानांतील पाला, काटक्या आणि शेण रोपांच्या जागेवर पसरून उन्हाळ्यांत जाळीत. त्यास राब म्हणतात. म्हणजे रानांतील द्रव्य भाताच्या मुळाशीं येई. रान आणि शेत हीं दोन निराळीं घरें नसून त्यांचा एकमेकांशीं देवघेवीचा व्यवहार आहे, हें शेतकऱ्याला ठाऊक होतें.

येथें एक महत्त्वाचा भेद मुलांच्या मनावर बिंबविला पाहिजे. द्रव्य फिरतें, ऊर्जा मात्र फिरत नाहीं, ती वाहून जाते. १९४२ सालीं रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाचा एका लहान तळ्याच्या अभ्यासावर आधारलेला निबंध प्रसिद्ध झाला; त्यानंतर हा हिशेब शास्त्रांत रूढ झाला. ढोबळ मानानें तो असा. भाताच्या पानांत ऊर्जेचीं १००० मापें सांठलीं असें धरा. तीं पानें खाणाऱ्या नाकतोड्यांच्या अंगीं सुमारें १०० लागतात, नाकतोडे खाणाऱ्या बेडकांच्या अंगीं १०, आणि बेडूक खाणाऱ्या सापाच्या अंगीं १. बाकीची हालचालींत आणि श्वासोच्छ्वासांत उष्णता होऊन जाते. म्हणूनच गवताच्या काड्या अगणित, नाकतोडे पुष्कळ, साप थोडे, आणि आकाशांत घिरट्या घालणारा गरुड एखादाच. द्रव्य हें घरांतल्या भांड्यांसारखें आहे. घासून पुसून तेंच पुनः वापरावयाचें. ऊर्जा ही शिध्यासारखी. ती रोज नवी यावी लागते, आणि ती सूर्याकडून येते.

खाण्याचा हा क्रम म्हणजे अन्नसाखळी, आणि अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंतून अन्नजाळें होतें. त्यांतला एक धागा ओढला, तर दुसरीकडे ताण पडतो. भारतांतून एके काळीं बेडकांच्या तंगड्या परदेशीं खाण्यासाठीं मोठ्या प्रमाणावर पाठविल्या जात. किडे खाणारा बेडूक नाहींसा झाला तर शेतांत कीड माजेल, ही भीति पुढें आली, आणि १९८७ सालीं भारतानें ती निर्गत बंद केली. बेडकाला शेतांत कोणी मजुरीवर लावलेला नव्हता. परंतु त्याचें काम होतें, हें सरकारला मान्य करावें लागलें.

खाजणांतील वन

आतां खाडीकडे येऊं. या लेखांतील प्रश्न मुख्यतः येथला आहे. सह्याद्रींत राजमाचीच्या बाजूस उगम पावलेली उल्हास नदी कल्याणच्या खालीं खाडीचें रूप घेते, भिवंडी तालुक्याच्या कडेनें वाहते आणि वसईपाशीं समुद्राला मिळते. काल्हेर-कशेळीच्या बाजूस तिच्या कांठीं भरतीच्या पाण्याखालीं जाणारी चिखलाची जमीन आहे. तीच खाजण. पाणी खारट, चिखलांत हवेचा अभाव, आणि मुळांना घट्ट आधार नाहीं; सामान्य झाड अशा ठिकाणीं जगणार नाहीं. परंतु तिवर तेथें सुखानें वाढतो. तो आपल्या कांहीं मुळ्या पेन्सिलींप्रमाणें चिखलांतून सरळ वर काढतो आणि त्यांनीं श्वास घेतो. शिरलेलें मीठ पानांवाटे बाहेर टाकतो. तिवराचें पान उन्हांत नीट पाहिलें तर मिठाचे कण दिसतात. कांदळाची युक्ति याहून नवलाची: त्याचें बीं झाडावर असतांच रुजतें, आणि भाल्यासारखें लांब रोपच खालीं चिखलांत पडतें. अशा झाडांच्या समूहाला कांदळवन म्हणतात. २०२० सालीं पांढरी चिपी या खाडींतल्या झाडाला महाराष्ट्राचा राज्य-कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला.

या वनाचें काम काय? तिवराचीं पानें चिखलांत गळतात; जिवाणु तीं कुजवितात; तो कुजका चुरा खेकडे आणि कोळंबी खातात; त्यांना मासे खातात; मासे कोळ्याच्या जाळ्यांत येतात आणि तेथून बाजारांत. समुद्रांत मोठे होणारे कित्येक मासे आणि कोळंबीच्या जाति आपलें बालपण या मुळ्यांच्या आडोशाला घालवितात. निवटी चिखलावर उड्या मारीत हिंडते. नदीनें आणलेला गाळ मुळ्या अडवितात, लाटेचा जोर मोडतात. शिवाय एक काम असें कीं, जें आषाढांत कळतें. वरून मुसळधार पाऊस आणि खालून मोठी भरती अशी गांठ पडली, कीं नदीचें पाणी समुद्रांत शिरूं शकत नाहीं. त्याला कांहीं तास थांबावयास जागा हवी असते. ती जागा म्हणजे खाजण.

आणि नेमकी ही जमीन आपल्या भाषेंत पडीक. तिच्यावर मुरूम टाकला, रूळ फिरविला आणि पत्र्याची छपरें उभीं केलीं, कीं ती 'उपयोगांत आली' असें आपण म्हणतों. भिवंडी ही पूर्वीं यंत्रमागांसाठीं प्रसिद्ध होती; आतां देशांतील गोदामांच्या मोठ्या केंद्रांतही तिची गणना होते. पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली या गांवांच्या नांवांनीं हजारो मालमोटारी ये-जा करितात. यांत दोष एकट्या गोदामवाल्याचा नाहीं. भातापेक्षां भाडें अधिक मिळतें, हें शेतकऱ्याचें गणित चुकीचें नव्हे. असंख्य हातांना येथें काम मिळालें आहे. आणि आपण घरीं बसून मागविलेली वस्तु अशाच एखाद्या गोदामांतून दारीं येते. गोदामें असावींत, तीं कोठें असावींत, एवढाच प्रश्न आहे. उंच जमिनीवरील गोदाम आणि ओहोळाचें तोंड बुजवून बांधलेलें गोदाम यांचें भाडें सारखें असेल. परंतु दुसऱ्याच्या पायाखालीं जें पाणी थांबावयाचें, तें सखल वस्त्यांतील गरिबांच्या चुलींपर्यंत जातें. हा खर्च ज्याच्या पदरीं पडतो, त्यानें भाड्याचा एक पैसाही पाहिलेला नसतो.

कायद्यानें हें ओळखलें आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं कांदळवनें तोडण्यास व त्यांवर भराव घालण्यास मनाई केली. २०१८ सालच्या निकालांत तर सार्वजनिक हिताच्या अपवादाखेरीज त्यांचा नाश करणें हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला, आणि भोंवतालचा ५० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितलें. राज्याच्या वनखात्यांत २०१२ पासून कांदळवन कक्ष आहे. तरी भराव रात्रीं येऊन पडतो, आणि सकाळीं तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीं. कारण आपल्या मनांत ती जमीन अजून पडीकच आहे.

कामवारीचा अनुभव

भिवंडीजवळून कामवारी नदी वाहते आणि खाडीला मिळते. नदी ही स्वतः एक परिसंस्था आहे; थोडा मळ तिच्यांतले जिवाणु पचवून टाकितात. परंतु पचविण्यास त्यांना पाण्यांत विरलेला प्राणवायु लागतो. शहराचें सांडपाणी आणि कापडधंद्यांतील रंगांचें व रसायनांचें पाणी तिच्यांत मर्यादेबाहेर आलें, कीं प्राणवायु संपतो आणि मासे मरतात. सांडपाण्यांतील नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. शोभेच्या फुलांसाठीं ती देशोदेशीं नेली गेली, आणि येथें तिला खाऊन आवरणारे तिचे मूळचे कीटक नव्हते. हिरवीगार नदी पाहून परका मनुष्य प्रसन्न होईल. परंतु त्या हिरव्या गालिच्याखालीं प्रकाश पोंचत नाहीं. तेव्हां हिरवें तें सर्व निरोगी, असेंही समजूं नये. कोणतेंही घर किती पाहुणे पोसूं शकतें याला सीमा असते. तशीच नदी किती मळ पचवील यालाही.

चरकाचे तीन देश

लहान घरांकडून मोठ्या प्रदेशाकडे येऊं. पृथ्वीवर जेथें जेथें उष्णता आणि पाऊस यांचें प्रमाण सारखें, तेथें तेथें वनस्पतींची ठेवणही सारखी होते. अशा विस्तृत प्रदेशाच्या जीवसमूहास जीवसंहति म्हणतात. ध्रुवाकडील सदा गोठलेल्या जमिनीचा टुंड्रा, त्याखालीं सूचिपर्णी वनें, गवताळ प्रदेश, वाळवंटें, आणि विषुववृत्ताजवळचीं सदाहरित अरण्यें, हे तिचे प्रमुख प्रकार. भारतांतील वनांचे चॅम्पियन आणि सेठ यांनीं १९६८ सालीं १६ मुख्य गट पाडले. आमचें तानसाचें पानझडी रान त्यांपैकीं एकांत बसतें, आणि खाडींतलें कांदळवन निराळ्या गटांत.

आपल्याकडे चरकसंहितेच्या कल्पस्थानांत भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत. आनूप म्हणजे पाण्याचा, नारळी-केळींचा प्रदेश. आमचें कोंकण तें हेंच. जांगल म्हणजे कोरडा, मोकळा, खैर-बोरींचा प्रदेश. यावरून आधुनिक शास्त्र आमच्याकडे पूर्वींच होतें असें म्हणणें बरें नव्हे. वैद्याला औषधें आणि प्रकृति यांसाठीं ही विभागणी हवी होती, एवढेंच. मात्र वाचकांनीं एक गंमत पाहावी. संस्कृत 'जांगल' म्हणजे विरळ झाडांचा उघडा देश. त्याच शब्दाशीं नातें सांगणाऱ्या 'जंगल' या शब्दाचा अर्थ आज आपण दाट अरण्य असा करितों. शब्द उलटला, आणि मोकळा माळ वनांच्या यादींतून बाहेर पडला.

त्याचा परिणाम पाहावयाचा असेल तर माळशेज घाट चढून सुमारें २०० किलोमीटरांवरील अहिल्यानगरकडे जावें. घाटमाथ्यावर ढग रिकामे होतात. पलीकडे पर्जन्यछायेच्या प्रदेशांत पाऊस आमच्या भिवंडीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास येतो. तेथें माळ आणि गवत. कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीला काळविटांचें अभयारण्य आहे. माळावर लांडगे, चंडोल, आणि धनगरांचीं खिल्लारें. माळढोक एके काळीं सोलापूर-नगरच्या माळांवर वावरत असे. आज महाराष्ट्रांत तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. आणि सरकारी पडीक-भूमींच्या नकाशांत गवताळ व झुडुपी जमिनींचाही समावेश होतो. मग कोणी सद्‌हेतूनें तेथें झाडें लावितो, आणि गवतावर जगणारें सारें कुटुंब उठून जातें. खाजण मुरुमानें मरतें, माळ कधीं कधीं वृक्षारोपणानेंही मरतो.

पुष्कळ घरांतून एखादी वृद्ध आत्या असते. ती कमावीत नाहीं, तिच्या नांवावर कांहीं नसतें. परंतु कोणत्या मुलाला कोणतें दूध सोसत नाहीं, कोणत्या डब्यांतल्या धान्याला कीड लागली, कोणाचें कोणाशीं बोलणें बंद आहे, हें तिलाच ठाऊक असतें. घराच्या हिशेबाच्या वहींत तिची नोंद खर्चाच्या बाजूस असते. खाजण आणि माळ यांची नोंद आपण अशीच केली आहे.

तेव्हां वाचकांना तीन गोष्टी सुचवितों. घरांत जमीन किंवा गाळा घेण्याचा विचार चालला असेल, तर सात-बाऱ्याबरोबर गांवांतील वृद्धांनाही विचारावें, 'येथें पूर्वीं पाणी कोठपर्यंत येत असे?' भरावाच्या गाड्या खाजणांत रित्या होतांना दिसल्या, तर तहसीलदाराकडे किंवा वनखात्याकडे लेखी तक्रार करावी. घरांतील चौघांनीं सह्या केल्या तर तिला वजन येतें. आणि मुलांना ओहोटीच्या वेळीं खाडीकांठीं न्यावें, एक वही द्यावी, आणि तासाभरांत जें जें हलतांना दिसेल तें तें लिहावयास सांगावें. चिखलाला पडीक म्हणावें कीं काय, हें मग मुलांनाच विचारावें.

पुढील अंकीं देवराया आणि त्यांचा माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं केलेला अभ्यास, यांविषयीं लिहूं.